टाळ्यांकडे पाठ फिरवणारा पियानोवादक

गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सॲपवर एक मिनिटभराचा व्हिडिओ पाठवला. जुना, कृष्णधवल. एक किडकिडीत तरुण पियानो वाजवतोय. खुर्ची इतकी बुटकी की हनुवटी पट्ट्यांना टेकते की काय असं वाटावं. केस विस्कटलेले. एक हात मोकळा झाला की तो हवेत फिरवून स्वतःलाच इशारे देतो, आणि सगळा वेळ तोंडाने गुणगुणणं चालूच. खाली भाच्याचा प्रश्न: "मावशी, हा बरा आहे ना गं? आणि एवढा गाजलेला असून एकतिसाव्या वर्षी स्टेज का सोडलं याने?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच दिलं: बरा होता, विक्षिप्त होता. दुसरं उत्तर मात्र टाइप करता करता दोनदा खोडलं. 'घाबरून सोडलं' हे उत्तर सोपं आहे, पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं फोनवर अंगठ्याने लिहिण्याइतकं छोटं नाही, म्हणून इथे लिहिते.

## कोण हा माणूस

ग्लेन गूल्ड. जन्म २५ सप्टेंबर १९३२, कॅनडातलं टोरांटो. वडिलांचा फरच्या कपड्यांचा धंदा, आई पियानो शिकवायची. दहा वर्षांचा होईपर्यंत मुलगा आईकडेच शिकला, मग मूळचे चिलीचे अल्बर्टो गरेरो यांच्याकडे. जानेवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्कला त्याची पहिली मैफल झाली आणि दुसऱ्याच दिवशी कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीने कराराचा प्रस्ताव पुढे केला.

कोलंबियाकडच्या पहिल्या रेकॉर्डसाठी त्याने निवडलं अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याचं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'. व्हेरिएशन म्हणजे एकाच मूळ रचनेची वेगवेगळी रूपं. इथे सुरुवातीला एक संथ धून, मग तिच्या पायावर उभी केलेली तीस रूपं, आणि शेवटी पुन्हा तीच धून. १७४१ मध्ये छापलेली ही रचना हार्पसिकॉर्ड या जुन्या, पियानोपेक्षा बारीक आवाजाच्या वाद्यासाठी लिहिलेली, आणि तीही पट्ट्यांच्या दोन रांगा असलेल्या हार्पसिकॉर्डसाठी. पियानोला रांग एकच, त्यामुळे दोन्ही हात एकमेकांच्या अंगावर येतात. बावीस वर्षांच्या पोराने पदार्पणातच हे अंगावर घेणं म्हणजे धाडसच.

जून १९५५. न्यूयॉर्कचा उन्हाळा, आणि हा गृहस्थ स्टुडिओत आला तो कोट, मफलर, टोपी, हातमोजे घालून. बरोबर टॉवेलांचा गठ्ठा, घरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या, गोळ्यांच्या पाच बाटल्या आणि स्वतःची खुर्ची. वाजवायच्या आधी हात बराच वेळ गरम पाण्यात बुडवून ठेवायचे. कंपनी हुशार. तिने हेच सगळं प्रसिद्धीला वापरलं. जानेवारी १९५६ मध्ये रेकॉर्ड बाजारात आली आणि गूल्ड एका झटक्यात नावारूपाला आला.

पुढची आठ वर्षं दौरे. मे १९५७ मध्ये मॉस्कोला पहिल्या मैफलीच्या पूर्वार्धात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. मध्यंतरात लोकांनी ओळखीपाळखीच्यांना फोन करून बोलावून घेतलं आणि उत्तरार्धात सभागृह भरलं. असं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? तरी १० एप्रिल १९६४ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याने शेवटचं वाजवलं. ना घोषणा, ना निरोपाचं भाषण. नुसता परत गेला नाही. उभ्या आयुष्यात मोबदला घेऊन केलेल्या त्याच्या मैफली दोनशेही भरत नाहीत.

## त्या खुर्चीचं काय

खुर्चीबद्दल सगळेच विचारतात, म्हणून आधी तेवढं उरकते. १९५३ मध्ये वडिलांनी एका घडीच्या खुर्चीचे पाय कापले आणि खाली पितळी पट्ट्या व स्क्रू बसवून दिले, म्हणजे प्रत्येक पाय वेगळा वरखाली करता येईल. बैठक जमिनीपासून १४ इंच. पियानोचं नेहमीचं स्टूल साधारण २० इंच असतं. घरातला पाट आणि खुर्ची यांच्या मधलं काहीतरी म्हणा. गूल्डने ती जन्मभर सोडली नाही. बैठकीचं कापड झिजून नुसती चौकट उरली, तरी तीच. करकर वाजायची, आणि ती करकर रेकॉर्डमध्येही ऐकू येते.

यात तऱ्हेवाईकपणा आहेच, पण हिशोबही आहे. उंच बसलं की खांद्याचं आणि दंडाचं वजन पट्टीवर पडतं. आवाज मोठा, भरदार निघतो. खाली बसलं की वजन टाकताच येत नाही, सगळं काम बोटांवर येतं. आवाज लहान, पण प्रत्येक स्वर निवडलेल्या तांदळासारखा सुटा. गूल्डला नेमकं तेच हवं होतं. का, ते कळायला बाखकडे जरा वळावं लागेल.

## एका वेळी तीन गाणी

आपलं संगीत म्हणजे एक धागा. गायक पुढे, तानपुरा मागे, हार्मोनियम गायकाच्या सावलीसारखी. बाखकडे तसं नाही. तिथे दोन, तीन, कधी चार चाली एकाच वेळी चालतात आणि त्यांतली एकही साथीदार नसते, सगळ्या यजमान. या पद्धतीला काउंटरपॉइंट म्हणतात आणि तिचा सगळ्यात कडक प्रकार म्हणजे फ्यूग.

फ्यूग कसा असतो, ते मला आमच्या जिन्यात कळलं. गणपतीत तळमजल्यावर आरती सुरू होते आणि दोन ओळी मागून दुसऱ्या मजल्यावर तीच आरती सुरू होते. मधल्या जिन्यात उभं राहिलं की दोन्ही कानावर येतात. खालचे दुसऱ्या कडव्यात, वरचे अजून पहिल्यात. अर्थात नुसता गोंधळ. आता समजा, कोणीतरी ती चालच अशी बांधली की मागून सुरू झालेली पहिली ओळ पुढे गेलेल्या तिसऱ्या ओळीवर बरोब्बर बसेल, शिवाय त्यात तिसरा मजला सामील झाला तरी कोणी कोणाला टोचणार नाही. हा फ्यूग. आणि पियानोवादकाला हे तिन्ही मजले दोन हातांनी, दहा बोटांनी सांभाळायचे असतात.

हे ऐकणाऱ्याला कळायचं तर प्रत्येक चाल स्वच्छ, वेगळी ऐकू यायला हवी. दोन-तीन हजार खुर्च्यांच्या सभागृहात ते अवघड जातं. आवाज भिंतींवरून परततो, स्वर एकमेकांत मिसळतात, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर वादकाला जोर लावावा लागतो. जोर लावला की सुटेपणा गेला. माइक मात्र पियानोपासून दोन हातांच्या अंतरावर ठेवता येतो.

## मैफलीवर राग कशाचा

रशियाच्या दौऱ्यात गूल्डने बाखची पाचवी पार्तिता (नृत्यांच्या चालींवर बांधलेली रचनामाला) पुन्हा पुन्हा वाजवली आणि लगोलग येऊन तिची रेकॉर्ड केली. ती ऐकून तो स्वतःवरच वैतागला. वरच्या बाल्कनीत बसलेल्यांपर्यंत पोचावं म्हणून दौऱ्यात त्याने नकळत काही युक्त्या उचलल्या होत्या. इथे आवाज चढवायचा, तिथे एकदम खाली आणायचा. माइकसमोर त्याची काही गरज नव्हती, बाखला तर नव्हतीच नव्हती. पण बोटांना सवय लागलेली. एवढ्या वेळा वाजवलेली रचना उत्तम बसायला हवी होती. त्याच्या मते ती बिघडली होती.

आपल्याला हे नवं नाही. संगीत नाटकांच्या भरात वन्स मोअर घेत घेत पहाट व्हायची. प्रेक्षकांना कुठल्या हरकतीवर टाळी द्यायची ते माहीत, नटाला टाळी कुठे मिळते ते माहीत, आणि हळूहळू पद त्या टाळीच्या दिशेने वाकायला लागायचं. बालगंधर्वांसारखा असामान्य गळा असेल तर त्यातूनही सोनं निघतं. बाकीच्यांचं काय निघतं, ते जुनी मंडळी खासगीत सांगतात.

गूल्डचा दुसरा राग आणखी कडवट होता. सभागृहातला समुदाय मनातून चूक होण्याची वाट बघत असतो, बैलांच्या झुंजीला बसल्यासारखा, असं तो म्हणे. मला हे जास्तीच वाटतं. पण अवघड तान घेताना गायक पडतो की काय, या धाकधुकीत आपल्यालाही थोडी मजा येतेच, हे प्रामाणिकपणे कबूल करावं लागेल. १९६२ मध्ये त्याने टाळ्या आणि तत्सम सगळे प्रकार बंद करण्याची एक 'योजना'च लेख लिहून मांडली, अर्धी थट्टेत आणि अर्धी गंभीरपणे. त्यात एक वाक्य थट्टेचं नाही. कलेचं काम अंगात क्षणभर उसळी आणणं हे नाही, तर आश्चर्य आणि शांतता यांची अवस्था आयुष्यभर हळूहळू घडवत जाणं हे आहे, अशा अर्थाचं.

## मग स्टुडिओत असं काय मिळतं

त्याची माइकशी गट्टी जमली ती १९५० च्या नाताळात. अठरा वर्षांच्या गूल्डने कॅनडाच्या रेडिओवर वाजवलं आणि आठवण म्हणून त्याला त्या कार्यक्रमाची तबकडी मिळाली. स्टुडिओतला पियानो खर्जात जड, दबदबा करणारा. घरी येऊन तबकडी लावली आणि त्याने खर्जाचं बटण कमी, वरच्या स्वरांचं जास्त केलं, तर तोच पियानो एकदम हलका, त्याला हवा तसा! वाजवून झाल्यावरही वाजवण्यात हात घालता येतो, हा साक्षात्कार तिथला.

स्टुडिओतल्या एका सलग ध्वनिमुद्रणाला टेक म्हणतात. सिनेमामुळे हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. लोकांचा समज असा की पुन्हा टेक घ्यायचा तो चूक झाली म्हणून. 'गोल्डबर्ग'ची सुरुवातीची धून गूल्डने सगळ्या व्हेरिएशन्सनंतर, शेवटी रेकॉर्ड केली आणि तिचे वीस टेक टाकून दिले. वीसही बिनचूक वाजवता येत होते त्याला! पण पुढे तीस रूपांमध्ये इतकं काही घडायचं असतं की सुरुवातीलाच भावना ओतली तर पुढच्याचा अंदाज येऊन जातो. म्हणून ते वीस टेक त्याने जादा भाव पुसून टाकायला वापरले, असं त्यानेच लिहिलंय. आपण रियाझ करतो तो गळ्यात काहीतरी चढवायला. याचा उलटा चाललेला.

दुसरा किस्सा त्याच्या १९६६ च्या एका लेखातला, आणि माझ्या मते सगळ्याची किल्ली त्यात आहे. बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर' या संग्रहाच्या पहिल्या भागात ए मायनरमधला (ही पाश्चात्त्य संगीतातली एक स्वरचौकट) एक लांबलचक, किचकट फ्यूग आहे. त्याचे आठ टेक झाले. त्यांतले दोन, सहावा आणि आठवा, जसेच्या तसे चालण्यासारखे. सहाव्यात स्वर एकमेकांना धरून, गंभीर, भारदस्त. आठव्यात सगळे स्वर तुटक, उडते, खेळकर. स्टुडिओत त्या दिवशी दोन्ही छान वाटले. काही आठवड्यांनी एडिटिंगच्या खोलीत बसून ऐकले, तर दोन्ही कंटाळवाणे. एक सुरुवातीपासून शेवटपर्यंत कपाळाला आठ्या घालून बसलेला, दुसरा विनाकारण हसत सुटलेला. तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आलं की दोन्हींची लय जवळजवळ सारखी आहे. मग सुरुवात आणि शेवट सहाव्या टेकमधून घेतला, मधला हिंडता-फिरता भाग आठव्यातून. आणि फ्यूग उभा राहिला!

आता बघा. जो फ्यूग आपण रेकॉर्डवर ऐकतो, तो गूल्डने तसा कधीच वाजवला नव्हता. वाजवताना त्याच्या डोक्यातही तो नव्हता. तो सुचला काही आठवड्यांनी, आपलंच वाजवणं परक्यासारखं ऐकताना. स्टेजवर ही सोय नाही. तिथे जे सुचायचं ते त्याच क्षणी सुचायला हवं. घरी परतताना टॅक्सीत सुचलं तर उपयोग शून्य.

## हे जोडतात कसं

त्या काळी ध्वनिमुद्रण व्हायचं चुंबकीय टेपवर, पाव इंच रुंद फितीवर. आपल्या कॅसेटमध्ये जी तपकिरी फीत गुंतायची आणि आपण पेन्सिलीने गुंडाळायचो, तिचीच थोरली बहीण. फरक वेगाचा. कॅसेटची फीत सेकंदाला दोन इंचही सरकत नाही. स्टुडिओतली सर्रास सेकंदाला १५ इंच पळायची. म्हणजे सेकंदाचा आठवा भाग टिकणारा स्वरसुद्धा फितीवर जवळजवळ दोन इंच जागा घेतो. एवढ्या जागेत काम करता येतं.

दोन्ही रिळं हाताने मागेपुढे फिरवून नेमका स्वर जिथे उमटतो ती जागा कानाने शोधायची. तिथे मेणाच्या पेन्सिलीने खूण. मग फीत खाचेत बसवून दाढीच्या ब्लेडने तिरकी कापायची. तिरकी अशासाठी की सरळ कापली तर जोडावर 'टक्' असा आवाज येण्याची भीती. दुसऱ्या टेकची तशीच कापलेली फीत शेजारी आणून मागून चिकटपट्टी. शिंप्याचं काम. फक्त टीप दिसायची नाही एवढंच नव्हे, ऐकूही यायची नाही.

## 'पण ही तर फसवणूक झाली!'

हा आक्षेप भाच्यानेही घेतला. म्हणाला, "म्हणजे आजकालच्या ऑटोट्यूनसारखंच की."

नाटक आणि सिनेमा यांची तुलना करून बघू. नाटकात नट अडखळला तर अडखळला. सिनेमात एकाच संभाषणातला अर्धा भाग सोमवारी आणि अर्धा गुरुवारी चित्रित होतो. दार ठोठावणारा बाहेर फिल्मसिटीत, दार उघडणारी आत भलत्याच सेटवर. थिएटरमधून बाहेर पडताना कोणी 'आपल्याला फसवलं' म्हणत नाही, कारण सिनेमा ही चित्रित केलेलं नाटक नव्हे, निराळीच कला आहे, हे आपण कधीच मान्य केलंय. गूल्डचं म्हणणं एवढंच: रेकॉर्ड हा मैफलीचा फोटो नाही. तीही निराळी कला आहे, तिला तिचे नियम द्या.

ऑटोट्यून बेसूर गळा सुरात आणतो, म्हणजे जे जमत नाही ते झाकतो. सहावा आणि आठवा टेक दोन्ही जमलेलेच होते. निवड होती ती अर्थाची. हाच फरक मला महत्त्वाचा वाटतो. अर्थात तीच कात्री चुका लपवायलाही वापरता येते आणि जगभर सर्रास वापरली जाते, हेही खरं.

'जोड ऐकू येतोच, ओघ तुटतो' म्हणणाऱ्यांसाठी त्याने एक प्रयोग केला, तो १९७५ मध्ये लिहून प्रसिद्धही केला. अठरा जणांना तुकडे ऐकवले. त्यांत संगीतातले लोक होते, ध्वनितंत्रज्ञ होते, साधे श्रोतेही होते. जोड कुठे आहेत ते सांगा, म्हणाला. सगळे जोड कोणालाच सापडले नाहीत. जिथे जोड नव्हता तिथे मात्र लोकांना तो ऐकू आला. अठरा माणसं म्हणजे काही मोठा पुरावा नाही, आणि परीक्षकच पक्षकार होता. तरी 'मला तर लगेच कळतं' म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यायला हरकत नाही.

शिवाय हा माणूस सगळं गुळगुळीत करत बसला, असंही नाही. त्याने आपला लाडका पियानो इतका हलका करून घेतला होता की बाखच्या 'इन्व्हेन्शन्स' या छोट्या रचनांच्या रेकॉर्डिंगमध्ये मधल्या सप्तकातले काही स्वर उचकी लागल्यासारखे दोनदा वाजतात. त्याने रेकॉर्डच्या वेष्टणावर ग्राहकांना उद्देशून तसं लिहून टाकलं, आणि उचकी राहू दिली. गुणगुणणंही तसंच राहिलं. ते थांबवणं त्याला जमलंच नाही. थांबवलं की हातातून संगीत जातं, असं त्याचं म्हणणं.

## 'आपल्या मैफलीला हे लावून दाखवा'

नाही लागत. निदान सरळसोट नाही लागत, आणि इथे माझं गूल्डशी भांडण आहे. त्याच्यासमोर कागदावर लिहिलेला बाख होता, दोन शतकांपूर्वी पक्का झालेला. आपल्याकडे बंदिश दोन ओळींची आणि बाकीचं तिथेच घडायचं. समोरून आलेली एक 'क्या बात है' पुढच्या आवर्तनाची दिशा बदलू शकते. पुण्यात सवाईच्या मंडपात थंडीत शाली पांघरून बसलेला श्रोता नुसता गिऱ्हाईक नसतो, तो थोडासा साथीदार असतो. यमनचा सहावा टेक आणि आठवा टेक जोडून तिसरा यमन होईलही, पण तो कोणाचा?

आणि तरीही एक योगायोग मला सोडत नाही. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अवकाशात पाठवली, पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत असलेली. तिच्यावर गूल्डने वाजवलेला बाख आहे, पावणेपाच मिनिटांच्या आसपास. आणि त्याच तबकडीवर साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, गोव्यातल्या केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकरांची. केसरबाई म्हणजे नेमकं दुसरं टोक. त्यांची सगळी ताकद मैफलीतली, तासन्‌तास उलगडत जाणारी. रेडिओ त्यांनी दूर ठेवला, आणि मैफलीत कोणी गुपचूप टेप लावलाय असा नुसता संशय आला तरी बाई कशा बिनसायच्या, याचे किस्से जुने श्रोते सांगत आलेत. व्हॉयेजर-२ सुटलं २० ऑगस्टला, व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला. केसरबाई मुंबईत वारल्या त्याच महिन्यात, १६ सप्टेंबरला. माइकवर विसंबून राहिलेला एक आणि माइकचा संशय धरणाऱ्या एक, दोघंही एकाच खाचेतून सूर्यमालेबाहेर निघालेत.

## 'खरं सांग, घाबरट होता ना?'

होता. लपवण्यात अर्थ नाही. विमानाची भीती, थंडीची भीती, जंतूंची भीती. आयत्या वेळी कार्यक्रम रद्द करायची ख्याती. १९५९ मध्ये पियानो कंपनीच्या एका तंत्रज्ञाने सहज खांद्यावर थाप मारली, तर याने दुखापत झाली म्हणून खटला भरला आणि काही काळ प्लास्टरमध्येही राहिला. पुढे गोळ्यांचं प्रमाण वाढतच गेलं. दिवसा झोपायचा, रात्री जागायचा, मित्रांना मध्यरात्री फोन करून तास-तासभर बोलायचा. त्याच्या माघारी लोकांनी त्याला निरनिराळ्या आजारांची नावंही चिकटवली. मेलेल्या माणसाचं असं निदान करणं मला पटत नाही.

पण नुसती भीती असती तर तो स्टेज सोडून गप्प बसला असता. त्याने पुढची अठरा वर्षं स्टुडिओत अक्षरशः तळ ठोकला. रेकॉर्ड्स, टीव्हीचे कार्यक्रम, लेख. १९६७ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखावर एक रेडिओ कार्यक्रम केला. त्यात माणसं एकामागून एक बोलत नाहीत, एकाच वेळी बोलतात, एकाचा आवाज चढतो तसा दुसऱ्याचा उतरतो, आणि खाली रेल्वेची खडखड तानपुऱ्यासारखी. म्हणजे पियानोशिवायचा फ्यूगच! भित्र्या माणसाला पळून जायला एवढा खटाटोप लागत नाही.

बुजुर्ग पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन त्याला म्हणाले होते, तू परत येशील बघ. ही पैज तुम्ही हरणार, असं गूल्डने सांगितलं. हरलेच ते.

एक गोष्ट मात्र त्याचे भक्त बोलत नाहीत. स्टेज सोडणं त्याला परवडलं, कारण रेकॉर्ड कंपनी पाठीशी होती आणि ती होती ती त्या आठ-नऊ वर्षांच्या स्टेजवरच्या नावामुळे. आज एखाद्या होतकरू सतारियाने 'मी फक्त रेकॉर्डिंग करणार' म्हटलं तर ऑनलाइन ऐकण्यातून येणाऱ्या पैशांत तारा तरी बदलून होतील का, शंकाच आहे.

## ऐकणाऱ्याच्या हातातली बटणं

त्याच १९६६ च्या लेखात त्याने भाकीत केलं की आज आपण जिला जाहीर मैफल म्हणतो, ती शंभर वर्षांनी उरणार नाही. लोक हसतात, पण मुदत अजून संपलेली नाही. मला स्वतःला हे भाकीत साफ चुकलेलं वाटतं. घरात अख्खं संगीत फुकट मिळायला लागल्यापासून लोक मैफलीच्या तिकिटांना जास्तच रांगा लावतात.

दुसरं भाकीत मात्र डोळे विस्फारायला लावतं. घरी ऐकणारा माणूस आवाज कमी-जास्त करतो, खर्ज वाढवतो, तेव्हा तोही थोडासा कलावंत होतो, असं त्याने लिहिलं. उद्या तो निरनिराळ्या वादकांचे तुकडे जोडून स्वतःपुरती रचना बनवेल, असंही. तेव्हा ही कल्पना वेडगळ वाटली. आता शेजारचा नववीतला मुलगा फोनवर तेच करतो आणि त्याच्या आईला वाटतं तो अभ्यास करतोय.

## ऐकायचं कुठून

'गोल्डबर्ग'पासूनच. पण दोन्ही. १९५५ चं ३८ मिनिटांचं, तारुण्याच्या मस्तीत धावत सुटलेलं. आणि १९८१ मध्ये त्याच न्यूयॉर्कच्या स्टुडिओत, एका जुन्या चर्चमध्ये, पुन्हा केलेलं ५१ मिनिटांचं. सुरुवातीची धून पहिल्या खेपेस दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्या खेपेस तीन मिनिटांच्या पुढे जाते. हे दुसरं रेकॉर्डिंग बाजारात आलं सप्टेंबर १९८२ मध्ये. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ४ ऑक्टोबरला तो गेला, पन्नाशी गाठून जेमतेम नऊ दिवस झाले होते. टोरांटोतल्या त्याच्या थडग्यावर त्या धुनेचे सुरुवातीचे स्वर कोरलेत. मोझार्टच्या वाट्याला मात्र गूल्डबरोबर जाऊ नका; मोझार्ट त्याला आवडत नसे आणि तो राग त्याने थेट वाजवण्यात काढला.

त्यानंतर तो ए मायनरचा फ्यूग. मी परवा रात्री हेडफोन लावून जोड शोधायला बसले. भारदस्त चालीतून तुटक चालीत कुठे उडी मारली ते समजायला हवं ना, एवढं वाचल्यावर? पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा एका जागी वाटलं, हा इथे! थांबवलं, दहा सेकंद मागे गेले, परत लावलं. तिथे काहीच नव्हतं. भाच्याला ते गाणं पाठवून विचारलं, तुला सापडतो का बघ. त्याचं उत्तर पहाटे दीडला आलं: "सापडले. चार." म्हटलं, जोड तर दोनच आहेत रे.